परत कधी फिरायचे, ते आधी लिहा
डेम्प्स्टर हायवेवर मोटरसायकलींचा गट नेऊ पाहणाऱ्या मराठी गटप्रमुखांना खुले पत्र



“लडाख झाले, स्पिती झाले, आता आर्क्टिक” हे वाक्य हल्ली माझ्या कानावर वारंवार येते. कधी टोरांटो-कॅल्गरीच्या मराठी मंडळींकडून, कधी पुण्या-नाशकाच्या एखाद्या रायडिंग ग्रुपकडून. मागोमाग एक तक्ता येतो: तारखा, मुक्काम, रोजचे किलोमीटर, माणशी खर्च, कोणाकडे कोणती गाडी. असे तक्ते मी मन लावून वाचतो, कारण हा रस्ता मला अतिशय प्रिय आहे आणि त्यावर जाणारा प्रत्येक गट धडधाकट परत यावा असे मला वाटते. तक्त्यांत बाकी सगळे असते, एक रकाना मात्र नसतो. कोणत्या परिस्थितीत, कोणत्या ठिकाणाहून परत फिरायचे आणि तसे कोणी म्हणायचे, हे कुठेच लिहिलेले नसते. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात डॉसन सिटीपासून साधारण ४० किलोमीटर पूर्वेला क्लोंडाइक हायवेला एक फाटा फुटतो. तो डेम्प्स्टर हायवे. तिथून उत्तरेला इनुविकपर्यंत ७३६ किलोमीटर, आणि इनुविकहून आर्क्टिक महासागराच्या काठावरच्या टक्टोयाक्टकपर्यंत आणखी १४० च्या आसपास. हा शेवटचा तुकडा नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी टक्टोयाक्टकला जाणारा रस्ता फक्त हिवाळ्यात, गोठलेल्या नदीवर आणि समुद्रावर असायचा. वाटेत डांबर नावापुरते. बाकी खडी, मुरूम आणि पाऊस पडला की चिखल. दुसरी परतवाट नाही. गेलात त्याच रस्त्याने, वाटेतल्या दोन नद्या पुन्हा ओलांडून यायचे. डॉसनहून निघून डॉसनला परत येईपर्यंत अठराशे किलोमीटरहून जास्त होतात.

जाता जाता एक सूचना, कारण या घोळाने आरक्षणे चुकतात. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावे आहेत. पहिले ब्रिटिश कोलंबियात, अलास्का हायवेच्या शून्य मैलावर. दुसरे युकॉनमध्ये, क्लोंडाइकच्या सोन्याचे. दोहोंमध्ये रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटर आहेत.

रस्त्याखालची जमीन कायमची गोठलेली आहे. ती वितळू नये म्हणून तिच्यावर खडीचा जाड भराव घातलेला आहे, कुठे एक मीटर, कुठे दोन मीटरहूनही जास्त. हे काम १९५९ मध्ये सुरू झाले आणि रस्ता खुला झाला १९७९ मध्ये. या भरावाचा मोटरसायकलस्वाराशी थेट संबंध आहे. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे आणि त्याच्या कडा मऊ आहेत. समोरून ट्रक आला की आपण भारतातल्या सवयीने कडेला सरकतो. इथे कडेला सरकलेले पुढचे चाक रुतते आणि गाडी उतारावरून खाली जाते. ट्रक दिसला की वेग कमी करायचा, आपल्या चाकोरीत राहायचे, आणि धूळ पूर्ण बसेपर्यंत मागच्या-पुढच्या कोणीही ओव्हरटेक करायचे नाही. हे गटातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी समजावून सांगा. तिथे गेल्यावर हेल्मेटमधून ओरडून सांगता येत नाही.

आता पेट्रोल. मनाली-लेह केलेल्या प्रत्येकाकडे तांदीच्या पंपावरचा फोटो असतो: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. डेम्प्स्टरचा पहिला पंप फाट्यापासून ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला आहे. आकडा जवळजवळ तोच, म्हणून आपली माणसे निर्धास्त होतात. पण तांदीच्या पुढे झिंगझिंगबार आहे, सरचू आहे, पांग आहे. तंबूत चहा-मॅगी मिळते, अडीनडीला कोणी बाटलीतून पेट्रोल देतो, लष्कराचे ताफे जातात. डेम्प्स्टरवर त्या ३६९ किलोमीटरमध्ये ७१व्या किलोमीटरवर टूम्बस्टोन उद्यानाचे माहिती केंद्र आहे, पुढे एखाद-दोन सरकारी तळ आणि तंबूची मैदाने. दुकान नाही, पंप नाही, मोबाइलला सिग्नल नाही. टाकी डॉसनमध्ये भरली तर पहिला टप्पा ४१० किलोमीटरचा होतो. हिशेब गटातल्या सर्वात लहान टाकीचा करा, तोही चिखलात आणि समोरच्या वाऱ्यात जे ॲव्हरेज मिळेल त्यावर. पंधरा लिटरची टाकी आणि भारलेली गाडी असेल तर माणशी किमान पाच लिटर वेगळे हवेच. ईगल प्लेन्सनंतर फोर्ट मॅकफर्सन १८० किलोमीटरवर आणि इनुविक त्यापुढे तेवढ्याच अंतरावर, त्यामुळे तो भाग सोपा जातो.

हे सगळे नीट सांभाळणारे गट आहेत. गाड्यांची तयारी चोख, टायर नवे, प्रत्येकाकडे पंक्चर किट. तरीही त्यांचा बेत मला अपुरा का वाटतो, हे सांगण्यासाठी या रस्त्याच्या नावामागची हकिकत सांगायला हवी.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या भागात पोलिसांची हिवाळी गस्त असे. डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामधले साडेसातशे किलोमीटरहून अधिक अंतर कुत्र्यांच्या बर्फगाड्यांनी तोडायचे आणि टपाल पोचवायचे. एरवी ही गस्त डॉसनहून निघे. १९१० च्या हिवाळ्यात ती उलटी, मॅकफर्सनहून निघाली. तिचा प्रमुख होता इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड, उत्तरेत अनेक वर्षे काढलेला, कसलेला अधिकारी. त्याला हे अंतर विक्रमी वेळात कापायचे होते. वजन कमी म्हणून अन्न कमी घेतले, सुमारे ३० दिवसांचे. सोबत तिघे: किनी आणि टेलर हे दोन शिपाई, आणि वाटाड्या म्हणून कार्टर हा माजी शिपाई. कार्टर या वाटेने एकदाच आला होता, तोही काही वर्षांपूर्वी, विरुद्ध दिशेने.

२१ डिसेंबर १९१० ला ते निघाले. वाटेत ग्विचिन लोकांचा तळ लागला. त्यांच्यातला ईसॉ जॉर्ज नावाचा माणूस काही दिवस वाट दाखवायला बरोबर आला. पुढची वाटही तो दाखवू शकला असता. पण फिट्झजेराल्डने नववर्षाच्या दिवशी त्याला पैसे देऊन परत पाठवले. कार्टर म्हणत होता, मला माहीत आहे. पुढे फॉरेस्ट क्रीक नावाच्या ओढ्याशी वळायचे होते आणि कार्टरला तो ओढा ओळखता येईना. थंडी उणे ५० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेली. जवळजवळ आठवडाभर त्यांनी एकेक ओढा धुंडाळला. १८ जानेवारीला ते माघारी वळले. निघाल्यापासून २८ दिवस झाले होते आणि शिधा संपत आला होता. परतीच्या वाटेवर एकेक कुत्रा मारून खाल्ला. चौघेही मेले. फिट्झजेराल्ड आणि कार्टर यांची प्रेते फोर्ट मॅकफर्सनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर सापडली, किनी आणि टेलर त्यांच्या थोडे मागे.

त्यांना शोधून काढले कॉर्पोरल डेम्प्स्टरने. तो २८ फेब्रुवारी १९११ ला डॉसनहून निघाला आणि बरोबर चार्ल्स स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या घेऊन गेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याला चौघांचे देह मिळाले. रस्त्याला नाव त्याचे आहे. पुढच्या गस्तींसाठी वाटेवर शिध्याचे साठे ठेवले गेले, फॉरेस्ट क्रीकची वाट खुणांनी दाखवली गेली आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाणे बंद झाले. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चजवळ आहेत. तुमचा गट त्या गावातून जाणारच आहे. तिथे थांबा. अर्धा तास जाईल, पण आपण कशासाठी आलो आहोत आणि कशासाठी नाही, यावर गटात चांगले बोलणे होते.

फिट्झजेराल्डला कोणी अडाणी म्हणू शकणार नाही. त्याच्याजवळ अनुभव होता, शिस्त होती, धाडस तर होतेच. पण त्याच्या बेतात माघारीची तारीख नव्हती. निम्मा शिधा संपला त्या दिवशी वळायचे, असे मॅकफर्सनमध्येच ठरले असते तर चौघे अर्धपोटी का होईना, जिवंत परतले असते. वाटेवर असताना ते ठरवणे त्याला जमले नाही, कारण तिथे प्रत्येक सकाळी वाटते की ओढा पुढच्या वळणावर असेल. ही ओढ कोणाही माणसाला लागते. मोटरसायकलवर तर ती जास्तच लागते, कारण पुढचे वळण दहा मिनिटांवर असते.

म्हणून माझी पहिली विनंती: राखीव दिवस परतीच्या खात्यात ठेवा. बहुतेक तक्त्यांत एखादा राखीव दिवस असतो आणि तो जातानाच खर्च होतो. पाऊस लागला, ईगल प्लेन्सला एक दिवस जास्त राहिलो, बस. मग परतीला काहीच उरत नाही, आणि धोका परतीलाच जास्त असतो. डेम्प्स्टरवर दोन नद्या फेरीने ओलांडायच्या असतात, फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडे पील आणि त्सिगेचिकजवळ मॅकेन्झी. फेऱ्या विनामूल्य आहेत, साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. पण पाणी चढले, वरून लाकडाचे ओंडके वाहून यायला लागले, की फेरी थांबते. कधी तासांसाठी, कधी दिवसांसाठी. तुम्ही इनुविकला आणि पीलची फेरी बंद, तर रस्त्याने बाहेर पडायला मार्गच नाही. दोन्ही फेऱ्या बंद पडल्या आणि तुम्ही मॅकफर्सनमध्ये असलात, तर दोन नद्यांच्या मध्ये अडकलात. त्यात विमानाचे परतीचे तिकीट दोन दिवसांवर आलेले असेल, तर गटप्रमुख चिखलात, पावसात, रात्रीच्या उजेडात गाड्या हाणायला लावतो. अपघात अशाच वेळी होतात. डॉसन ते टक्टोयाक्टक आणि परत, यासाठी आठ दिवस धरा आणि त्यातले किमान दोन कोरे ठेवा. त्या दोन दिवसांना टक्टोयाक्टकची पाटी दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

दुसरी विनंती: वळायची ठिकाणे नावानिशी लिहा. मी तीन मानतो. पहिले टूम्बस्टोन. पहिल्या ७१ किलोमीटरांतच चिखलाने गाड्या आडव्या व्हायला लागल्या, तर तिथे तंबू ठोका, डोंगर पाहा आणि हवा न बदलल्यास डॉसनला परत या. टोकदार काळ्या सुळक्यांचा तो प्रदेश एवढ्यासाठीच जावे इतका सुंदर आहे, त्यात वाया काहीच जात नाही. दुसरे ईगल प्लेन्स. तिथे हॉटेल आहे, जेवण आहे, टायर दुरुस्त होतो. तिथून पुढे ३६ किलोमीटरवर आर्क्टिक वृत्ताची पाटी आहे आणि त्यापुढे रिचर्डसन पर्वत, जिथला वारा उभी गाडी पाडू शकतो. ज्याची गाडी कुरकुर करते आहे, ज्याचे मनगट दुखते आहे, ज्याला ताप आहे, तो इथून पुढे जाणार नाही आणि त्याच्यासोबत दुसरा एक जण थांबेल, हे आधी ठरलेले असावे. तिसरे पीलचा काठ. पाणी चढते आहे असे फेरीवरची माणसे म्हणाली, तर फेरी चालू असली तरी ओलांडायचे नाही.

तिसरी विनंती मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि आपल्या लोकांना तीच सर्वात अवघड जाते. परत फिरण्यावर मतदान घेऊ नका. गटातल्या कोणीही एकाने “आज इथेच थांबू” म्हटले की त्या दिवशीपुरता गट थांबेल, कारण विचारला जाणार नाही, असा नियम करा. मराठी मंडळींच्या गटात मी पाहिले आहे, माणूस थकलेला असतो, साखर खाली आलेली असते, दोनदा घसरून पडलेला असतो, पण बोलत नाही. इतक्या लांब आलो, एवढे पैसे घातले, माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको. गटात एखादा सासऱ्याच्या वयाचा असतो, एखादा ऑफिसातला साहेब असतो, त्यांच्यासमोर “मला जमत नाही” म्हणायला जीभ रेटत नाही. मतदान घेतले तर तो पुढे जायच्या बाजूने हात वर करतो. नियम आधीच असेल, आणि पहिल्या दिवशी गटप्रमुखाने स्वतःच एकदा तो वापरून दाखवला, तरच तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघतो. हे करण्यात तुमचा कमीपणा नाही. गट तुमच्यावर जास्त विश्वास ठेवील.

गाड्यांची रांगही आधीच ठरवा. आपल्याकडे सर्वात तरबेज माणूस पुढे असतो आणि हत्यारे, औषधे, संपर्काचे यंत्र सगळे त्याच्याच बॅगेत. शेवटचा पडला तर पुढच्याला अर्ध्या तासाने कळते. तरबेज माणूस, हत्यारे आणि प्रथमोपचार शेवटी ठेवा. सर्वात सावकाश चालवणारा दुसऱ्या जागेवर असू द्या आणि वेग त्याचा. मागच्या गाडीचा दिवा आरशात दहा मिनिटे दिसला नाही तर पुढच्याने थांबायचे, ही शिस्त साखळीने सगळ्यांनी पाळायची. वाटेत फाटे नाहीत, चुकायची भीती नाही. पडलेल्याला उशिरा गाठण्याची मात्र आहे. चार ते सहा गाड्यांचा गट उत्तम. दहा-बारा जण असतील तर दोन गट करा, अर्ध्या दिवसाच्या अंतराने निघा. ईगल प्लेन्सच्या खोल्याही मोजक्या आहेत.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे प्रत्येक गटात दोन हवीत, एक पुढे, एक मागे. भारतातून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. अशी यंत्रे आणि उपग्रह फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे. ती कॅनडात भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. सामानात टाकून घरी नेऊ नका. आणि यंत्राचे बटण दाबले की मदत येते हे खरे असले, तरी ती किती वेळात येते ते ढगांवर अवलंबून असते. दाट ढगांत हेलिकॉप्टर उतरत नाही.

विम्याचेही तसेच. कॅनडात राहणारे आपले लोक समजतात की प्रांताचे आरोग्य कार्ड खिशात आहे. ते डॉक्टर आणि रुग्णालयाचा खर्च बऱ्याच अंशी सांभाळते, पण दुसऱ्या प्रांतातून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च सहसा त्यात नसतो. भारतातून येणाऱ्यांच्या प्रवास विम्यात मोटरसायकल चालवताना झालेली इजा अनेकदा वगळलेली असते. भाड्याच्या गाडीच्या करारात खडीचे रस्ते वगळलेले असू शकतात. हे तिन्ही कागद वाचल्याशिवाय एकाही माणसाचे पैसे गोळा करू नका. प्रत्येकाने आपला रक्तगट, औषधे, ॲलर्जी आणि घरचा संपर्क एका कागदावर लिहून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावा. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास गटप्रमुखाला खासगीत सांगावा. भारतीय पासपोर्टवर अलास्कातही जायचे असेल तर अमेरिकेचा व्हिसा आधीच हवा, सीमेवर तो मिळणार नाही.

गाड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात आपली मुले हुशार आहेत. एवढेच, की ईगल प्लेन्सच्या आसपासच्या धारदार खडीने टायर फाटतात, तेव्हा दोन्ही मापांच्या ट्यूब आणि ठिगळाचे सामान गटात असू द्या, आणि चाक उतरवून ट्यूब बदलायचा सराव प्रत्येकाने घरी एकदा तरी केलेला असू द्या. क्लच केबल, दोन्ही लिव्हर, चेनची जोडकडी, एमसील. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ओल्या रस्त्यावर ते चिखलात मिसळून रेडिएटरवर आणि चेनवर सिमेंटसारखे बसते. रोज संध्याकाळी धुवायला हवे, नाहीतर इंजिन तापते.

हवामान? जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जावे. इनुविकला मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे अंधाराची चिंता नसते. त्याच कारणाने माणसे वेळेचे भान विसरून चौदा-पंधरा तास चालवतात. घड्याळ लावून थांबा. बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो, पावसात पाच अंशांवर ओले होऊन चालवणे त्याहून वाईट. डासांसाठी जाळी घ्या. अस्वलांसाठी फवारा, आणि अन्न तंबूपासून दूर.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचा थोडा वेळ घेतो. या प्रदेशाला आपण निर्जन म्हणतो. तो तसा नाही. पहिल्या टप्प्यात ट्रोन्डेक ह्वेचिन लोकांची भूमी आहे, पुढे ग्विचिनांची, समुद्राकाठी इनुव्हियालुइटांची. त्यांच्या हक्कांचे करार कॅनडा सरकारने केलेले आहेत, इनुव्हियालुइटांशी १९८४ मध्ये, मॅकेन्झीच्या मुखाकडच्या ग्विचिनांशी १९९२ मध्ये. पीलच्या काठावर उन्हाळ्यात त्यांचे मासेमारीचे तळ असतात, मासे वाळत घातलेले असतात. ते त्यांचे घर आहे. न विचारता आत शिरू नये, फोटो काढू नये, ड्रोन उडवू नये. पॉर्क्युपाइन नावाचा कॅरिबू हरणांचा मोठा कळप याच डोंगरांतून ये-जा करतो. त्याच्यावर ग्विचिनांचे अन्न आणि जीवन पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. कळप रस्ता ओलांडत असेल तर इंजिन बंद करून थांबा, कितीही वेळ लागो. आणि गाडी रस्ता सोडून टुंड्रात घालू नका. वरचे शेवाळ फाटले की खालचा बर्फ वितळायला लागतो आणि एका चाकाची खूण कित्येक दशके राहते. टक्टोयाक्टकचा किनारा आधीच खचतो आहे, तिथल्या लोकांना घरे मागे हलवावी लागली आहेत. त्यांच्या गावात आपण पाहुणे म्हणून जावे.

ईसॉ जॉर्ज आजही वाटेवर भेटतो. फेरीवर दोर सांभाळणारी माणसे, ईगल प्लेन्सच्या काउंटरवरची बाई, इनुविकला किराणा नेणारा ट्रकवाला, डॉसनमधल्या माहिती केंद्रातले लोक: यांना कालचा पाऊस कुठे पडला आणि आज रस्ता कुठे फुटला आहे ते ठाऊक असते. युकॉन सरकारची ५११ ही रस्त्यांची माहिती रोज सकाळी पाहाच, पण या माणसांना विचारा. ते “आज नको” म्हणाले तर तुमच्या गटात कोणी तरी म्हणेल, मी व्हिडिओ पाहिले आहेत, मला अंदाज आहे. तेव्हा गटप्रमुख म्हणून तुम्ही कोणाचे ऐकता, यावर सगळे आहे.

टक्टोयाक्टकला पोचून आर्क्टिक महासागरात हात बुडवण्याची इच्छा मला समजते. मलाही ती होती. गोठलेल्या जमिनीतून वर आलेल्या पिंगो टेकड्या, त्यात सुमारे ५० मीटर उंचीची इब्युक, आणि समोर तो करडा समुद्र, हे पाहण्यासारखेच आहे. पण ईगल प्लेन्सहून सगळे सहीसलामत परतलेला गट मी यशस्वी मानतो, आणि एकाला रुग्णालयात सोडून समुद्र गाठलेला गट मानत नाही.

तेव्हा तुमच्या तक्त्यात तो रकाना आजच घाला: ठिकाण, अट, आणि शब्द कोणाचा. पैसे भरण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकाला तो वाचून दाखवा, त्यावर सह्या घ्या, आणि एक प्रत घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे द्या. ज्याला तो रकाना मान्य नाही त्याला या वर्षी घरी थांबायला सांगा.

आपला,
उत्तरेच्या वाटेवरचा एक मराठी मोटरसायकलस्वार